गाण्यातून इंग्रजी – भाग ६ : ‘इट’ची जागा मधोमध

मागच्या आठवड्यात आपण फ्रेझल व्हर्बची तोंडओळख करून घेतली. साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’सारखं छोटं अव्यय जोडलं की अर्थ पालटतो, हे पाहिलं. मराठी माणसाला ही गोष्ट परकी नाही. आपण काम हाती घेतो, बोललेले शब्द मागे घेतो, जबाबदारी अंगावर घेतो; क्रियापद एकच, ‘घेणे’. इंग्रजीत ‘टेक अप’, ‘टेक बॅक’, ‘टेक ऑन’ असंच चालतं. त्यामुळे अर्थ लवकर उमगतो. घोडं पेंड खातं ते शब्दांच्या क्रमापाशी, आणि तिथेच गाणी उपयोगी पडतात.

दिवा बंद करायला सांगायचंय. ‘स्विच ऑफ द लाइट’ म्हणा किंवा ‘स्विच द लाइट ऑफ’ म्हणा, दोन्ही बरोबर. पण ‘द लाइट’ऐवजी ‘इट’ आलं की एकच रचना उरते : ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ चूक. अशा जोडीत कर्म सर्वनाम असेल, तर ते क्रियापद आणि अव्यय यांच्या मध्येच बसतं. मराठीत कर्म एरवी क्रियापदाच्या आधी येतं, त्यामुळे या मधल्या जागेची आपल्या कानाला सवय नसते. नियम तोंडपाठ असलेली मुलंही बोलताना अडखळतात ती त्यामुळेच.

आता तीन गाण्यांची शीर्षकं पाहा. बीटल्सचं १९६५चं ‘वुई कॅन वर्क इट आउट’, रिक ॲस्टलीचं १९८७चं ‘नेव्हर गॉना गिव्ह यू अप’ आणि टेलर स्विफ्टचं २०१४चं ‘शेक इट ऑफ’. पहिल्यात ‘वर्क आउट’ म्हणजे मार्ग काढणं, दुसऱ्यात ‘गिव्ह अप’ म्हणजे साथ सोडणं, तिसऱ्यात ‘शेक ऑफ’ म्हणजे झटकून टाकणं. तिन्ही ठिकाणी ‘इट’ किंवा ‘यू’ मधोमध आहे. शीर्षक जिभेवर बसलं की नियमही बसला.

ही शीर्षकं मोठ्यानं म्हणून पाहा. ‘शेक इट ऑफ’मध्ये ‘इट’ पटकन निसटतं आणि जोर ‘ऑफ’वर येतो. ‘वर्क इट आउट’मध्ये तो ‘आउट’वर येतो. नेहमीच्या बोलण्यातही असंच होतं : सर्वनाम हलकं, शेवटचं अव्यय ठसठशीत. गाण्याबरोबर गुणगुणताना शब्दांचा क्रम आणि हा जोर दोन्ही एकदमच अंगवळणी पडतात. छापील यादी पाठ करून जोर कळत नाही.

जोर ओळखता आला की आणखी एक गुंता सुटतो. बेन ई. किंगचं १९६१चं गाणं आहे ‘स्टँड बाय मी’, म्हणजे माझ्या पाठीशी उभा राहा. इथे ‘मी’ मध्ये का नाही? कारण इथलं ‘बाय’ हे प्रीपोझिशन आहे आणि त्याचं सर्वनाम त्याच्यामागूनच येतं. ‘लुक ॲट मी’, ‘वेट फॉर मी’ ही त्याच घरातली. यांतले ‘ॲट’ आणि ‘फॉर’ बोलताना बहुधा दबून जातात. छोटा शब्द ठसठशीत ऐकू आला तर सर्वनाम मध्ये, दबून गेला तर शेवटी, ही खूण बहुतेक वेळा कामी येते.

जोराचा हा खेळ आपल्या रोजच्या शब्दांतही सापडतो. वर्कआउट, ब्रेकअप, चेकअप, बॅकअप हे शब्द आपण मराठी बोलताना सर्रास वापरतो. ही नामं आहेत आणि इंग्रजीत त्यांचा जोर पहिल्या भागावर असतो. क्रियापद झालं की दोन शब्द सुटे होतात, जोर दुसऱ्यावर सरकतो आणि काळाचा प्रत्यय पहिल्याला लागतो. नील सेडाकाच्या १९६२च्या ‘ब्रेकिंग अप इज हार्ड टू डू’मध्ये ‘इंग’ लागला आहे तो ‘ब्रेक’ला. म्हणून भूतकाळात ‘दे ब्रोक अप’, ‘दे ब्रेकअप्ड’ नव्हे.

मात्र गाण्यातलं सगळंच इंग्रजी उत्तरपत्रिकेत चालत नाही. ‘गॉना’ हे ‘गोइंग टू’चं बोलीतलं रूप, अर्जात ते लिहू नये. रोलिंग स्टोन्सच्या १९६५च्या ‘आय कान्ट गेट नो सॅटिस्फॅक्शन’मध्ये ‘कान्ट’ आणि ‘नो’ असे दोन नकार एकत्र आले आहेत. बोलीत ते खपतात, प्रमाण इंग्रजीत नाहीत. म्हणून जोड्या गाण्यातून उचला, पण लिहिण्याआधी शब्दकोशात एकदा पडताळून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ : आवडतं एक इंग्रजी गाणं निवडा आणि त्यातल्या अशा जोड्या वहीत उतरवा. प्रत्येक जोडीपुढे घरातल्या कामाचं एक वाक्य लिहा, आधी नाम घालून आणि मग ‘इट’ घालून. ‘पिक अप द टॉवेल’, ‘पिक इट अप’. दोन्ही मोठ्यानं म्हणा. पुढच्या भागात तीन शब्दांची कुटुंबं पाहू : ‘पुट अप विथ’, ‘कॅच अप विथ’ आणि त्यांची भावंडं.