एकाच साखरेचे तीन संसार

साखर म्हटली की ऊस आठवतो. अमरावती-अकोल्याकडचा माणूस म्हणेल, आमच्या वावरात पऱ्हाटी आणि ज्वारी, आमचा साखरेशी काय संबंध? संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. कापूस ही साखरच. ज्वारीचा दाणाही मुख्यतः साखरच. आणि ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यातले विष, तेही साखरेलाच बांधून ठेवलेले.

आधी साखर होते कशी, ते बघू. हिरवे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन, उन्हाच्या बळावर तीन कार्बनचे लहान तुकडे तयार करते. दोन तुकडे जुळले की सहा कार्बनची साखर. ही वाट उलगडल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले.

पण नुसते ग्लुकोज कशाला सहजी जोडले जात नाही. विळ्याला मूठ बसवावी तशी पेशी ग्लुकोजला एक मूठ बसवते. तिचे नाव यूडीपी. विकर, म्हणजे एन्झाइम, ती मूठ धरून ग्लुकोज हव्या जागी जोडते. मूठ सुटते, पुन्हा कामाला येते. अर्जेंटिनाच्या लुईस लेलॉयर यांनी हे शोधले आणि १९७० साली त्यांना नोबेल मिळाले.

आता वावरात या. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाते, तोच कापसाचा धागा. त्यात हजारो ग्लुकोज एकामागे एक जोडले जातात, पण प्रत्येक पुढचे मागच्याच्या उलटे वळवून. म्हणून साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते. हे सेल्युलोज. पक्व धाग्यात ते नव्वद टक्क्यांच्या आसपास असते.

ज्वारीच्या दाण्यात तेच ग्लुकोज, मूठ थोडी वेगळी, आणि जोड एकाच बाजूचा. साखळी मळसूत्रासारखी वळते. हा स्टार्च. आपली लाळ त्याला कापू शकते, म्हणून भाकर चावता चावता गोड लागते. कापूस कितीही चावा, गोड लागणार नाही! पदार्थ तोच, फरक फक्त जोडाचा.

तिसरा संसार विषाचा. ज्वारीचे कोवळे रोप टायरोसिन या अमिनो आम्लापासून एक अस्थिर पदार्थ बनवते. तो तुटला की सायनाइड सुटते. मग रोप स्वतः कसे मरत नाही? ते त्यावर लगेच एक ग्लुकोज चढवते. पदार्थ शांत होतो, पाण्यात विरघळतो आणि पेशीतल्या रिक्तिकेत साठवता येतो. त्याचे नाव धुरिन, ज्वारीच्या अरबी नावावरून पडलेले. साखर जोडलेल्या अशा पदार्थांना ग्लायकोसाइड म्हणतात. ते ग्लुकोज तोडणारे विकर रोप वेगळ्या जागी ठेवते. पान चावले गेले, की दोघांची गाठ पडते.

आणि इथेच आमच्या ढोरांचा घात होतो. बैलाला कडबा पचतो, कारण त्याच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोजचे जोड तोडतात. पण त्याच पोटातले सूक्ष्मजीव धुरिनवरचे ग्लुकोजही काढतात. म्हणजे ज्या पोटामुळे बैल कडब्यावर जगतो, त्याच पोटामुळे कोवळ्या ज्वारीने मरतो. सायनाइडमुळे रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकते, थरथरते, कोसळते.

पाऊस ताणला, पीक खुरटले, युरिया जास्त पडला, की धुरिन वाढते. कापणीनंतरच्या फुटव्यातही ते भरपूर असते. नेमका तेव्हाच चारा कमी असतो आणि दावे सोडायचा मोह होतो. म्हणून हिरवी ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच कापावी, खुरट्या पिकात आणि फुटव्यावर ढोर सोडू नये. नीट वाळलेल्या कडब्यात धोका बराच कमी होतो. लक्षणे दिसली तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण ते काम पशुवैद्यकाचे, आणि हाताशी वेळ फार थोडा असतो.

भूक भागवणारी, अंग झाकणारी आणि जीव घेणारी अशी वेगवेगळी द्रव्ये निसर्गाने बनवली असतील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात द्रव्य एकच आहे. ते कशाला जोडले आणि कसे जोडले, यावर बाकी सगळे ठरते.

आता आपले प्रश्न घेऊ.