शाळेतले मिनिस्टर

मिनिस्टर म्हटलं की आपल्याला गाड्यांचा ताफा आठवतो. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे सेवक. अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कूलमध्ये 'कॅम्पस मिनिस्टर' असतात, ते याच अर्थाने. पूर्वी हे काम फादर किंवा सिस्टर करत. आता बऱ्याच शाळांत घरसंसार असलेले स्त्री-पुरुष ते करतात.

त्यांचं काम काय? शाळेतली मिस्सा आणि प्रार्थना ठरवायच्या, पण वाचन आणि गायन मुलांकडूनच करून घ्यायचं. वृद्धाश्रमात किंवा गरिबांच्या अन्नछत्रात मुलांना न्यायचं आणि परतल्यावर 'काय पाहिलंत, काय वाटलं?' हे विचारायचं. शिवाय रिट्रीट, म्हणजे शाळेबाहेरचं निवासी शिबिर. 'कैरोस' नावाचं असं शिबिर तिथे बऱ्याच शाळांत होतं. तीन-चार दिवस मोबाइल बंद, वरच्या वर्गातली मुलं गटप्रमुख. त्यात आईवडिलांनी लिहिलेली पत्रं मुलांच्या हाती दिली जातात. घरात एरवी न बोललेलं प्रेम कागदावर वाचताना भले भले रडतात!

खरं महत्त्वाचं काम मात्र वेळापत्रकात नसतं. घरात कुणी गेलं, मैत्री तुटली, देवावरचा विश्वासच डळमळला, तर मूल त्यांच्या खोलीत जाऊन बसू शकतं. तिथे मार्कांचा विषय नसतो. मात्र एक फरक लक्षात ठेवा. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. कॅम्पस मिनिस्टर असं वचन देऊ शकत नाहीत. मुलाचा छळ होत असल्याचा संशय आला, तर त्यांना तो कळवावाच लागतो. आपल्याकडेही 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'कुणाला सांगणार नाही' यापेक्षा 'तुला एकटं सोडणार नाही' हे वचन मोठं.

बेळगाव, वडोदरा, हैदराबाद इथल्या आपल्या कितीतरी घरांतली मुलं कॉन्व्हेंटमध्ये शिकली. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला गेली की बाकीच्यांना मॉरल सायन्स, हे आईबाबांना चांगलं आठवत असेल. आपल्या संविधानाचं कलम 28 सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षण घ्यायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची. ही मर्यादा योग्यच. पण मुलाचं ऐकून घ्यायला धर्म आड येत नाही.

तेव्हा आज जेवताना घरात एक प्रश्न विचारून पाहा: "शाळेत तुझं मन मोकळं करावं असं मोठं माणूस कोण आहे?" उत्तरात एखाद्या सरांचं, बाईंचं किंवा शिपाईकाकांचं नाव आलं, तर छानच. नावच आलं नाही, तर निदान घरात तरी तो कान आपण व्हायला हवं.