बुलेटप्रूफ जॅकेट हात-पाय का झाकत नाही?

गेममध्ये चांगलं व्हेस्ट मिळालं की निम्मं टेन्शन जातं. खऱ्या चकमकीत तसं नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा हॉस्पिटलजवळ पोलिसांच्या क्वालिसवर गोळीबार झाला. मागे बसलेले कॉन्स्टेबल अरुण जाधव वाचले, पण हाताला गोळ्या लागल्याने त्यांना बंदूक उचलता आली नाही.

मग हातापायांनाही प्लेट का नाही लावत? एके-४७ ची गोळी सेकंदाला साधारण ७०० मीटर वेगाने निघते. तिला अडवायला सिरॅमिकची कडक प्लेट लागते. प्लेट गोळीचं टोक फोडते आणि मागचे धाग्यांचे थर तुकडे पकडतात. पण ही प्लेट वाकत नाही, आणि कोपर-गुडघे तर वाकायलाच हवेत. शिवाय वजन! डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२४ मध्ये दाखवलेलं 'अभेद' हे हलकं जॅकेटसुद्धा किमान ८.२ किलोचं आहे, आणि ते फक्त धड झाकतं. शहरातल्या लढाईत जिने चढायचे, भिंतीवरून उड्या मारायच्या. तिथे हळू चालणारा जवान सोपं टार्गेट होतो.

बंद खोलीत ग्रेनेड फुटला की त्याचे छर्रे उडतात. ते थोपवायला केव्हलारसारखं मऊ कापड बरंचसं पुरतं. इराकमध्ये अमेरिकन सैनिकांना खांदा-दंडासाठी अशी कव्हरं दिली होती; पण त्यात उकडायचं आणि हात मोकळा हलायचा नाही. दुसरा उपाय म्हणजे माणूस पुढे पाठवायचाच नाही. पुण्यात डीआरडीओने बनवलेला 'दक्ष' रोबोट जिना चढून बॉम्बपर्यंत जातो.

एवढं करूनही गोळी लागलीच तर? मांडीची मोठी धमनी फाटली की काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. तिथे उपयोगी पडतो टूर्निकेट: रुंद पट्टा आणि तो पिळायला एक दांडी. २००६ मध्ये बगदादच्या अमेरिकन लष्करी हॉस्पिटलमध्ये याची नोंद ठेवली गेली. जखमी शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा बांधला तर सुमारे ९० टक्के वाचले, नंतर बांधला तर जेमतेम १० टक्के. 'पट्ट्याने पाय कापावा लागतो' ही भीती जुनी आहे, पण त्या नोंदीत पट्ट्यामुळे एकही हात-पाय गमावला गेला नाही. जखमेमुळेच पाय गेलेल्या जवानांना पुन्हा उभं करायचं काम पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून करतंय.

हे सगळं सापगावात बसून वाचणाऱ्याच्याही कामाचं आहे. मुंबई-नाशिक हायवे शहापुरातूनच जातो, आणि अपघातात फाटलेली धमनीही तशीच वाहते. आधी १०८ लावा, स्वच्छ कापडाने जखम जोरात दाबून धरा. तरीही रक्त उसळतच असेल आणि टूर्निकेट असेल तर जखमेच्या वर चार बोटं बांधा, सांध्यावर नको. रक्त थांबेपर्यंत पिळा. दुखेल, ओरडेल, तरी सैल करायचा नाही. तार किंवा बारीक दोरी वापरू नका, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ मोबाईलवर टाका आणि डॉक्टरांना सांगा.

आणि हो, साप चावला तर हा पट्टा अजिबात बांधायचा नाही. तिथे पाय न हलवता सरळ हॉस्पिटल गाठायचं.