पालीच्या वाटेवरची भाकरी

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले, की दहाएक किलोमीटरवर पाली लागते. जवळच बिंदुसरा प्रकल्प. पावसाळ्यात तो भरून सांडव्यावरून पाणी कोसळू लागले, की अर्धे बीड सहकुटुंब तिकडे लोटते. पुढे मांजरसुंब्याचा घाट चढून गेले, की चौक येतो. एक वाट पाटोद्याकडे, दुसरी केज-अंबाजोगाईकडे जाते. या धुळे-सोलापूर महामार्गाचा क्रमांक पूर्वी 211 होता, आता 52 झाला. रस्ता रुंद झाला, पण माझ्यासारख्या खाण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या लेखी तो अजूनही एका ढाब्यापासून दुसऱ्या ढाब्यापर्यंतच मोजला जातो.

एके काळी या ढाब्यांवर ट्रकवाल्यांचे राज्य होते. दाल तडका, तंदुरी रोटी, कांदा, हिरवी मिरची. बाजेवर मांडी घालून बसायचे आणि मध्ये ठेवलेल्या फळीवर ताट घ्यायचे. भाकरी मागितली, तर पोऱ्या आपल्याकडे कीव करून पाहत असे. भाकरी ही घरी खायची वस्तू! आता काळ फिरला. प्रत्येक पाटीवर ‘गावरान जेवण’ आणि ‘चुलीवरची भाकरी’ आली. (पाटीवर चूल आणि मागे गॅस, असाही प्रकार मी पाहिला आहे, पण त्याची चर्चा जेवण झाल्यावर करावी.) 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातल्या नातेवाइकांनी मला फोन करून ज्वारीचे गुण सांगितले. ज्यांच्या घरी 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्ली गेली, त्यांना ज्वारीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. ती भाकरी थापताना आई रडकुंडीला यायची, एवढे मला आठवते.

तर पालीच्या अलीकडे असाच एक ढाबा आहे. नाव सांगत नाही. रविवारी तेथे आधीच जागा मिळत नाही. बेसन ठीक, ठेचा झणझणीत, शेवभाजीत तेल जरा जास्तच. पण भाकरी! पातळ, पांढरीशुभ्र, कडेपर्यंत एकसारखी आणि पापुद्रा असा सुटलेला, की बोटाने उचलावा आणि आत वाफ कोंडलेली असावी. मी वर्षानुवर्षे या भाकरीची स्तुती मालकापाशी करीत आलो आणि तोही ती हसत स्वीकारीत आला.

गेल्या श्रावणात आमच्या घरी संकट आले. अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून सौ.चे उजवे मनगट मोडले. प्लास्टर सहा आठवड्यांचे. आजवर मी चवी सांगणारा, नावे ठेवणारा माणूस. आता स्वयंपाकघरात उभा राहिलो. पहिल्या आठवड्यात वरणभात आणि सुशीला यांवर भागले. सुशीला म्हणजे आमच्या मराठवाड्याची भिजवलेल्या मुरमुऱ्यांची न्याहारी. मुरमुरे भिजवून लगेच पिळायचे असतात, हे मला लगदा झाल्यावर कळले.

हुलग्याच्या शेंगोळ्यांनी मात्र लाज राखली. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, जिरे, तिखट घालून घट्ट मळायचे, तळहातावर वळून वळकट्या करायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. माझी शेंगोळी कोणाची जाड, कोणाची बारीक, एक तर थेट बिब्ब्यासारखी. पण रस्सा दाट झाला आणि सौ.ने डाव्या हाताने दोनदा वाढून घेतला.

भाकरीने मात्र पुरते नमवले. काटवटीतून ती तव्यापर्यंत जाताना हिंदुस्थानच्या नकाशासारखी होई आणि तव्यावर पडताना त्याची फाळणी. चार दिवस आम्ही तुकडे खाल्ले. पाचव्या दिवशी मी स्कूटर काढून पालीचा रस्ता धरला.

दुपारी चारचा सुमार, गिऱ्हाईक नव्हते. मालकाला म्हणालो, भाकरी शिकायची आहे. तो हसला आणि मागे बोट दाखवले. मागच्या पत्र्याच्या आडोशाला चुलीपुढे एक बाई बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. इतकी वर्षे मी ज्या भाकरीचे गोडवे गात होतो, तिचा हात मी प्रथमच पाहत होतो.

“पीठ कवाचं हाय?” त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

“महिनाभरापूर्वी दळलेले.”

“मंग फाटंल न्हाई तर काय करंल, दादा? विरी गेली त्याची. आठ दिवसांचंच दळून आणायचं. आन् पाणी थंड घेतलं असंल.”

ज्वारीत गव्हासारखा चिकट अंश नसतो. पीठ शिळे झाले, की उरलीसुरली विरीही जाते. कढत पाण्याने पिठातले सत्त्व थोडे शिजते आणि गोळा धरून राहतो. पुस्तकात हे मी वाचले असते, पण पीठ किती मळायचे ते पुस्तकाला सांगता येत नाही. मावशींनी तळव्याच्या बुडाने ते रेटून रेटून लोण्यासारखे केले. मग पिठी पसरून थाप. हात जागचा हलत नाही, भाकरीच फिरते. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात, ते सुकण्याच्या आत उलथणे, आणि शेवटी तवा उतरवून निखाऱ्याकडे तोंड करून उभी करणे. ज्वारी कोणती, तर मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात 1930 च्या दशकात निवडलेले एम 35-1 हे वाण आजही भाकरीसाठी लोक नावाने मागतात. मावशींना तो आकडा ठाऊक नव्हता. त्यांनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले आणि “मालदांडीच हाय” म्हणाल्या.

दसऱ्यापर्यंत मी चार-पाच वेळा गेलो. दरवेळी एक गोळा माझ्या हातचा. दसरा झाल्यावर पाहुण्यांना घेऊन मोठ्या ऐटीत ढाब्यावर गेलो, तर ताटात आली ती जाड, करपलेली, मध्ये कच्ची भाकरी.

“मावशी आजारी आहेत का?”

“न्हाई सर, कारखान्यावर गेल्या. ट्रक परवाच भरला.”

बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फेडेपर्यंत पाच-सहा महिने उसाच्या पाचटाची कोपी, हे सारे मी वर्तमानपत्रात वाचत आलो. पण त्या ट्रकमध्ये मी ज्याला ढाब्याची चव म्हणत होतो ती चव बसून गेली होती. मालकाने सांगितले, की जाताना ज्वारीचे पोते आणि काटवट बरोबर नेली. तेथे पहाटे तीनला उठून अंधारात दिवसभराच्या भाकरी थापायच्या आणि फडात उतरायचे. आमच्या दोन माणसांच्या चार भाकऱ्यांनी माझी कंबर धरत होती.

पाहुणे मात्र म्हणाले, “अहो, तुम्ही तर फार वर्णन केले होते.” मी शेवभाजी वाढून घेतली.

हिवाळा आला. हुरडा झाला, पाथरीची कोवळी पाने कच्चीच खाऊन झाली. सौ.चा हात बरा झाला, पण जोर लावला की मनगट दुखते, म्हणून भाकरी माझ्याकडेच राहिली. माघात एकदा ती पुरी फुगली. शेजारच्यांना बोलावून दाखवली.

पाडव्यानंतर कळले, की ट्रक परत आला. मी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून पालीला नेल्या. मावशी आडोशालाच होत्या. काळवंडल्या होत्या, बोटांना पाचटाचे चिरे होते. भाकरी त्यांनी उलटून पाहिली, कड मोडून तोंडात टाकली.

“मदी जरा कच्ची हाय,” म्हणाल्या आणि राहिलेली भाकरी शेजारी बसलेल्या लेकीच्या हातात देऊन पुन्हा तव्याकडे वळल्या.