प्रोजेक्टर रुसला तर?

कल्पना करा की तुमची शाळा पाचाडला आहे. रायगडाच्या पायथ्याचे हे गाव. जिजाऊंचा वाडा इथलाच आणि समाधीही इथलीच. शिवरायांचा राज्याभिषेक झाल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, जिजाऊंनी पाचाडलाच देह ठेवला. त्या दिवसाच्या निमित्ताने शाळेत रायगडावरची एक चित्रफीत दाखवायची ठरली आहे. मुले सतरंजीवर बसली आहेत, गावातली वडीलधारी मंडळी मागे खुर्च्यांवर. बटण दाबले, पंखा घरघरला आणि पडद्यावर नुसता निळा चौकोन उमटला. चित्र नाही!

मग काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहेच. एक जण वायर हलवतो, दुसरा रिमोटची सगळी बटणे दाबत सुटतो, तिसरा मान हलवून म्हणतो, "दिवा गेला." कारागीर बोलवावा तर महाड सुमारे पंचवीस किलोमीटरवर, रस्ता वळणावळणाचा आणि वर जूनचा पाऊस. मंडळी उठून जातात, प्रोजेक्टर कपाटात जातो आणि पुष्कळदा तिथेच राहतो. खरे म्हणजे अशा वेळी बहुधा यंत्रात काहीच बिघडलेले नसते. त्या निळ्या चौकोनाने तर "माझा दिवा ठीक आहे, मला फक्त निरोप मिळालेला नाही" असे स्पष्ट सांगितलेले असते. ते ऐकायला कोणी थांबत नाही, इतकेच.

म्हणून आधी हे यंत्र काय करते ते पाहू. प्रोजेक्टर म्हणजे प्रक्षेपक, प्रकाश फेकणारा. त्यात एक प्रखर दिवा असतो. त्या प्रकाशाच्या वाटेत एक छोटेसे चित्र असते आणि पुढे ते मोठे करून पडद्यावर टाकणारे भिंग. हे छोटे चित्र कसे असावे याचा निरोप संगणकाकडून वायरीतून येतो. म्हणजे वाटा दोन झाल्या, एक निरोपाची आणि एक प्रकाशाची. बिघाड शोधायचा तर ह्या वाटांवरून मनाने क्रमाक्रमाने चालत जायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आले, तर कशामुळे आले ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तीच धावपळ!

निरोप कुठे अडला?

"नो सिग्नल" अशी अक्षरे दिसली, तर प्रकाशाची वाट मोकळी आहे. निरोपाची वाट तपासा. प्रोजेक्टरला मागे तीन-चार तोंडे असतात आणि तो एका वेळी एकाच तोंडाकडे कान देतो. "सोर्स" किंवा "इनपुट" लिहिलेले बटण एकेकदा दाबून प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा. एवढ्याने न भागल्यास संगणकाकडे वळा. त्याला "चित्र बाहेरही पाठव" असे सांगावे लागते. विंडोज प्रणालीच्या संगणकावर विंडोजचे बटण आणि "पी" एकदम दाबले की दोन्हीकडे सारखे चित्र दाखवण्याची सोय समोर येते. तरीही काही नाही, तर वायरीची दोन्ही टोके काढून पुन्हा नीट बसवा आणि शेवटी दुसरी वायर लावून पाहा.

पडदा अगदीच काळा असेल तर भिंगावरचे झाकण काढले आहे ना, ते पाहा. हसू नका, हा "बिघाड" फार लोकप्रिय आहे. रिमोटवर "ब्लँक" किंवा "म्यूट" नावाचे चित्र झाकणारे बटणही असते. "फ्रीझ" दाबले गेले असेल तर चित्र जागच्या जागी थिजते आणि सगळे जण बिचाऱ्या संगणकाला दोष देतात.

चित्र आले, पण पांढरा कागद पिवळा दिसतो आहे? आता विज्ञानाच्या पुस्तकातला रंगांचा धडा आठवा. तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश मिळून पांढरा होतो. शाळांतून अजून दिसणाऱ्या निळ्या डोक्याच्या, पंधरा पिनांच्या वायरीत ह्या तीन रंगांचे निरोप तीन वेगळ्या पिनांमधून जातात. निळ्याची पिन वाकली की उरले तांबडा आणि हिरवा, म्हणजे पिवळा. तांबडा हरवला तर पांढऱ्याचा निळसर हिरवा होतो आणि हिरवा हरवला तर किरमिजी. म्हणजे कागदाचा रंग पाहूनच कोणती पिन रुसली ते सांगता येते! पण हे निदान पक्के करायचे तर प्रोजेक्टरची स्वतःची यादी, म्हणजे "मेनू", पडद्यावर आणा. तिचे रंग ठीक असतील तर दोष वायरीत किंवा संगणकात. तीही रंगहीन दिसली तर दोष यंत्राच्या पोटात, आणि तिथे मात्र आपण हात घालायचा नाही.

काळा रंग कोण पाडतो?

"चित्र फिके दिसते" ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यापायी चांगले दिवे बदलले जातात. जरा विचार करा, प्रोजेक्टर पडद्यावर काळा रंग कसा टाकत असेल? तो टाकतच नाही! प्रकाश पाडता येतो, अंधार पाडता येत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे जिथे प्रकाश पाडला नाही असा पडदा. खिडकीतून उजेड येत असेल तर तो भाग पांढुरकाच दिसणार आणि चित्र धुऊन निघणार.

थोडे गणित करू. ३००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद आणि १.५ मीटर उंच चित्र पाडतो आहे. क्षेत्रफळ ३ चौरस मीटर, म्हणून दर चौरस मीटरला १००० ल्यूमेन, म्हणजे १००० लक्स. खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसाचा उजेड सहज एवढा असू शकतो. उघड्यावरचे ऊन तर १ लाख लक्सच्या घरात जाते, त्यापुढे कोण टिकणार? आता चित्र मोठे हवे म्हणून यंत्र दुप्पट अंतरावर नेले, तर चित्र ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच होईल. क्षेत्रफळ चौपट, उजेड पाव, म्हणजे २५० लक्स. तेव्हा दिव्याला नावे ठेवण्याआधी खिडक्यांवर चादरी लावा आणि यंत्र थोडे पुढे सरकवा. भिंगावरची धूळ मऊ सुती कापडाने हलकेच पुसा; ओल्या फडक्याने नको.

चित्र वर रुंद आणि खाली अरुंद, समलंब चौकोनासारखे दिसते तेव्हा यंत्राचे तोंड वर केलेले असते. चित्राच्या वरच्या कडेकडे जाणाऱ्या किरणांना जास्त लांब जावे लागते, म्हणून ती कड जास्त पसरते. हे सुधारणाऱ्या बटणाला "कीस्टोन" म्हणतात. दगडी कमानीच्या माथ्यावर पाचरीच्या आकाराचा जो दगड बसवतात, त्याच्यावरून हे नाव पडले. पण हे बटण भिंग हलवत नाही. ते आतल्या चित्राची रुंद कड आवळून घेते, म्हणजे तिथले काही ठिपके वाया जातात आणि अक्षरे धूसर होतात. यापेक्षा टेबलाखाली दोन विटा ठेवून यंत्र उंच आणि सपाट करणे माझ्या मते केव्हाही चांगले.

चित्र चक्क उलटे आले तर? भिंगाने पाडलेले चित्र नेहमी उलटेच असते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांना हे चांगले ठाऊक होते. १८९० च्या दशकात ते आणि त्यांचे मुलगे काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर मोठी करून दाखवत. ह्या खेळाचे नाव होते "शांबरिक खरोलिका". चित्रपट भारतात यायच्या आधीची ही गोष्ट. मुंबईत पहिला चित्रपट दिसला तो ७ जुलै १८९६ रोजी. अशा दिव्यात काच उलटी घालावी तेव्हा पडद्यावर देव सुलटे उभे राहतात. आपल्या यंत्रात ही उलटापालट आतच होते. यंत्र छताला टांगून वापरायचे असेल तर मेनूत तसे सांगावे लागते. कोणीतरी तसे सांगून ठेवले आणि यंत्र टेबलावर आले, की चित्र शीर्षासन करते. मेनूत "सीलिंग" शब्द शोधा, उपाय तिथेच आहे.

दहा मिनिटांत विझणारा दिवा

यंत्र सुरू होते आणि थोड्या वेळाने आपोआप बंद पडते. हे उष्णतेचे काम. हवा आत घेणाऱ्या जाळीवर धूळ बसली किंवा शेजारी पुस्तकांचा गठ्ठा ठेवला की दिव्याची उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. यंत्राला धूळ अडवणारी गाळणी असेल तर ती काढून मऊ ब्रशने झटकावी.

वीज गेली की मुले लगेच पुन्हा बटण दाबतात आणि दिवा लागत नाही म्हणून घाबरतात. ज्या प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, त्यांत पेटलेल्या दिव्याच्या आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट होतो. इतक्या दाबाच्या वाफेतून नवी ठिणगी पडत नाही. दिवा निवू द्यावा लागतो. पंधरा मिनिटे थांबा. याच कारणासाठी कार्यक्रम संपल्यावर थेट खटका बंद करू नये. रिमोटने बंद करून पंखा थांबेपर्यंत वाट पाहावी. आणि असला दिवा स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नका. तो फुटला तर काचेचे तुकडे आणि पारा दोन्ही बाहेर येतात. एलईडीच्या यंत्रांना ही कटकट नाही. मात्र चालू यंत्राच्या भिंगात डोकावायचे नाही, हे दोन्हींना सारखेच लागू.

आवाज

निळ्या डोक्याच्या वायरीतून आवाज जातच नाही, फक्त चित्र जाते. आवाजासाठी वेगळी बारीक वायर लागते. एचडीएमआय वायरीतून दोन्ही जातात, पण मग संगणक आवाज प्रोजेक्टरकडेच पाठवतो आणि त्याच्या पोटातला इवलासा कर्णा साठ मुलांना पुरत नाही. वर पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर बोलायलाच नको. मोठा ध्वनिवर्धक संगणकाला जोडा आणि संगणकाच्या पडद्यावरील कर्ण्याच्या खुणेतून आवाज कुठे जावा ते निवडा.

सतत "हंऽऽ" असा घुमणारा सूर येतो का? तो आपल्या विजेचा, सेकंदाला ५० आवर्तनांचा किंवा त्याच्या दुपटीचा सूर असतो. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. सूर थांबला तर चार्जर आणि ध्वनिवर्धक एकाच फळीवरच्या शेजारशेजारच्या भोकांत लावा. सूर घालवण्यासाठी काही जण प्लगची जाड तिसरी पिन काढून टाकतात. हे कधीही करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

बिनतारी ब्लूटूथ कर्ण्याची खोड वेगळी. ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. रायगडावर राजसभेत सिंहासनाच्या जागेपाशी बोललेले नगारखान्याजवळ ऐकू येते, हे वाटाडे आवर्जून दाखवतात. हे अंतर साठ मीटरच्या आसपास. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून त्याला तिथे पोहोचायला साधारण ०.१८ सेकंद लागतो. ब्लूटूथ कर्णा आवाज बांधून पाठवण्यात आणि सोडवण्यात साधारण एवढाच वेळ खातो. म्हणजे कर्णा तुमच्या शेजारी ठेवलेला असला, तरी तो जणू नगारखान्यात बसून बोलतो! चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. एवढ्या वेळात चार चित्रे पुढे निघून जातात. साधी वायर लावा, फरक लगेच कळेल.

न दिसणारा प्रकाश

रिमोटच्या टोकाला छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश अवरक्त, म्हणून आपल्याला दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र बहुधा दिसतो. रिमोट कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबा आणि मोबाइलच्या पडद्यावर पाहा. जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात न दिसल्यास पुढच्याने पाहा, कारण काही कॅमेऱ्यांत अवरक्त किरण अडवणारी काच असते.

ठिपका दिसतो, पण यंत्र ऐकत नाही? रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे ३८००० वेळा उघडझाप करतो, म्हणजे इतर प्रकाशात त्याची हाक ओळखू यावी. तरीसुद्धा यंत्राच्या काळ्या खिडकीवर थेट ऊन पडले तर ही हाक बुडून जाते, कारण उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात. यंत्र फिरवून ठेवा. कधी रिमोट यंत्राऐवजी पडद्याकडे रोखून पाहा. किरण पडद्यावरून परततात आणि यंत्र ऐकते.

ठिपकाच दिसत नसेल तर सेल बदला, दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे. सेलच्या घरातल्या स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर ती कोरड्या खडबडीत कापडाने खरवडून काढा आणि मग हात धुवा. पाचाडसारख्या पावसाच्या मुलखात ती हमखास साठते. तिथे भिंगावरही खरी बुरशी चढते, विशेषतः यंत्र चार महिने रेक्झिनच्या पिशवीत घालून कपाटात कोंडले तर. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ते अर्धा तास चालवावे. त्याच्याच उबेने ते आतून कोरडे होते. आणि लांब सुट्टी लागायच्या आधी रिमोटमधले सेल काढून वेगळे ठेवावेत.