हरलो, तेही एका पॉइंटने!

एक सोपं गणित सोडवा पाहू. एका टीमने मॅचमध्ये ३५ वेळा स्कोअर केला, दुसरीने ३२ वेळा. जिंकलं कोण? ‘अर्थात पहिली’ असं म्हणालात तर नापास! आणि हो, हे कोडं कॉर्कच्या माणसाला चुकूनही घालू नका. तो आधी हसेल, मग गप्प होईल आणि त्यानंतर तासभर तुमची सुटका नाही.

कॉर्क ही आयर्लंडच्या दक्षिणेकडची काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आयर्लंड म्हटलं की आपल्याला मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नातं सांगणारे माजी पंतप्रधान लिओ वराडकर आठवतात, फार तर ‘यू-टू’ हा बँड. पण तिकडच्या लोकांना विचारा, त्यांच्या लेखी वर्षातला सगळ्यात मोठा रविवार हर्लिंगच्या ऑल-आयर्लंड फायनलचा. त्या दिवशी डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम खच्चून भरतं. ८२,३०० माणसं!

हर्लिंग म्हणजे काय? हवेत खेळलेली हॉकी म्हणा. दोन्हीकडे १५-१५ खेळाडू, हातात अ‍ॅशच्या लाकडाची रुंद पात्याची स्टिक आणि टेनिसबॉलएवढा कडक, चामड्याचा चेंडू. इंग्रजी ‘एच’सारख्या गोलपोस्टच्या आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक पॉइंट, दांडीखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. हे एवढं समजलं की वरचं कोडं सुटतं. २१ जुलै २०२४ च्या फायनलचा स्कोअर होता क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. गोलांना तिनाने गुणा आणि बेरीज करा. क्लेअर ३८, कॉर्क ३७. खेळ खल्लास!

ती ९० मिनिटं

कॉर्कची सुरुवात कसली सॉलिड होती! बचावातला रॉब डाउनी स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन सुसाट निघाला आणि थेट गोल मारूनच थांबला. स्टँडमधला लाल-पांढरा समुद्र उसळला. कॉर्कचे चाहते लाल-पांढरा रंग असलेला जगातला कुठलाही झेंडा घेऊन येतात, अगदी जपानचा, कॅनडाचासुद्धा. त्या क्षणी हे सगळेच एकदम वर गेले. कॉर्क सात पॉइंटने पुढे.

पण क्लेअरवाले हळूहळू परत आले. उत्तरार्धात त्यांचा कॅप्टन टोनी केली याने चेंडू स्टिकच्या टोकावर नाचवत, बचावपटूंना चकवत असा गोल केला की कॉर्कच्या चाहत्यांनाही मनातल्या मनात दाद द्यावी लागली. ७० मिनिटं संपली, इंज्युरी टाइमही संपत आला आणि पॅट्रिक हॉर्गनने फ्री-हिटवर पॉइंट मारून बरोबरी साधली. पूर्वी अशी फायनल बरोबरीत सुटली तर काही आठवड्यांनी पुन्हा खेळवायचे. २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं तसंच झालं होतं. २०२४ मध्ये मात्र आधी एक्स्ट्रा टाइम खेळवायचा नियम होता. म्हणून आणखी २० मिनिटं.

आणि अगदी शेवटी, एका पॉइंटची पिछाडी असताना, कॉर्कच्या रॉबी ओफ्लिनला संधी मिळाली. त्याने मारलं. चेंडू बाहेर. रिप्लेमध्ये स्पष्ट दिसत होतं, मारताना त्याची जर्सी मागून खेचली जात होती. शिट्टी वाजलीच नाही. वाजली ती थेट मॅच संपल्याची.

तुम्ही कुठल्या गटात?

असा पराभव झाला की चाहत्यांचे गट पडतात. कुठल्याही देशात, कुठल्याही खेळात. कॉर्कमध्ये ठळक तीन दिसतात.

पहिला ‘जर्सी गट’. त्यांच्या मते मॅच तिथेच संपली. फ्री-हिट मिळायलाच हवी होती, तो पॉइंट पक्का होता आणि पुढे पेनल्टी असो, रिप्ले असो, बघून घेतलं असतं. त्यांच्या मोबाइलमध्ये त्या खेचलेल्या जर्सीचा फोटो असतोच असतो. तुमची वाद घालायची इच्छा नसली तरी तो दाखवला जातो.

दुसरा ‘हिशेबी गट’. यांचं म्हणणं, एका जर्सीवर काय रडता? सात पॉइंटची आघाडी कोणी घालवली? तीन गोल कोणी खाल्ले? गोल म्हणजे तिप्पट पगार. तुम्ही ओव्हरटाइम करून एकेक पॉइंट जमवत बसायचं आणि समोरच्याने तीन फटक्यांत बोनस घेऊन जायचं, हे चालायचंच. हा गट बरोबर असतो, पण पबमध्ये त्याच्या टेबलावर फारसं कोणी बसत नाही.

तिसरा गट सगळ्यात शांत. तो स्वतःबद्दल बोलतच नाही, तो हॉर्गनबद्दल बोलतो.

हॉगीचं मेडल

या एका पॉइंटचं वजन कळायला थोडं मागे जावं लागेल. कॉर्क म्हणजे हर्लिंगमधलं खानदानी घराणं. इथला क्रिस्टी रिंग हा दंतकथा झालेला खेळाडू, आठ ऑल-आयर्लंड मेडल्सचा मानकरी. त्याचा पुतळा कॉर्कच्या विमानतळावर आहे आणि शहरातल्या एका पुलालाही त्याचं नाव आहे. २००५ मध्ये कॉर्कने तिसावं विजेतेपद मिळवलं. त्यानंतर? शून्य. २०२४ पर्यंत १९ वर्षं, काउंटीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा उपवास.

पॅट्रिक हॉर्गन, म्हणजे सगळ्यांचा लाडका ‘हॉगी’, कॉर्ककडून खेळायला लागला २००८ मध्ये. मेजवानी संपल्यावर पंगतीला बसल्यासारखं! २०१३ च्या फायनलमध्ये, याच क्लेअरविरुद्ध, इंज्युरी टाइममध्ये त्याने पॉइंट मारून कॉर्कला एकाने पुढे नेलं. कप जवळजवळ हातात. तेवढ्यात क्लेअरच्या डॉमनॉल ओडोनोव्हन नावाच्या बचावपटूने, ज्याच्याकडून कोणाची पॉइंटची अपेक्षाच नव्हती, बरोबरी करून टाकली. रिप्लेमध्ये कॉर्क हरला. २०२१ च्या फायनलमध्ये लिमरिकने धुलाई केली. आणि २०२४ ला हा एक पॉइंट. म्हणून कॉर्कमध्ये कित्येकांना स्वतःच्या काउंटीपेक्षा या एका माणसासाठी जास्त वाईट वाटलं.

सोमवारी पुन्हा कामावर

आता खरी गंमत ऐका. या खेळाडूंना खेळायचे पैसे मिळत नाहीत! १८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन आजही हौशी तत्त्वावर चालते. ना लिलाव, ना करोडोंची बोली. तुमचा क्लब ज्या काउंटीतला, त्या काउंटीकडून साधारणपणे तुम्ही आयुष्यभर खेळता. टीव्हीवर ज्याला बघून तुम्ही गळा फाडला, तोच नंतर शाळेत गणित शिकवताना किंवा बँकेच्या काउंटरमागे दिसू शकतो.

त्यामुळे चाहत्याचा रागही जरा जपूनच निघतो. पगारी स्टारला शिव्या घालणं सोपं, पण शेजारच्या काकूंच्या मुलाला कशा घालणार? शिवाय क्रोक पार्कमध्ये दोन्ही टीमच्या चाहत्यांना वेगवेगळं बसवत नाहीत. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा रडणाऱ्या कॉर्ककराच्या शेजारच्याच खुर्चीवर एखादा क्लेअरवाला आनंदाने रडत असणार. हात मिळवावाच लागतो. मग अडीच तासांची ट्रेन पकडून घरी आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. कॉर्कमध्ये अ‍ॅपलचं मोठं ऑफिस आहे, औषधांचे कारखाने आहेत. तिथे कामाला असलेल्या पंचविशीतल्या पोरापोरींना २००५ चं विजेतेपद धड आठवतही नाही. त्यांनी जिंकलेल्या कॉर्कच्या गोष्टी ऐकल्यात, बघितलंय ते हरलेलं कॉर्क.

तरी त्यांना विचारलं की २०२४ चा उन्हाळा वाया गेला का, तर उत्तर ‘नाही’ येतं. त्या मोसमात कॉर्क पहिल्या दोन्ही मॅच हरला होता. मग सलग चार वर्षं चॅम्पियन असलेल्या लिमरिकला त्याने एकदा नव्हे, दोनदा हरवलं. सेमीफायनलमध्ये ३१ विरुद्ध २९ असं हरवून त्यांचं पाचव्या कपाचं स्वप्न मोडलं. एका पॉइंटने हरायलाही आधी तिथपर्यंत पोहोचावं लागतं, बॉस!

पुढच्या वर्षी काय झालं?

हिंदी सिनेमा असता तर २०२५ मध्ये हॉगीने कप उचलला असता. सुरुवात तशीच झाली. कॉर्कने लीग जिंकली, मन्स्टर विभागाच्या फायनलमध्ये लिमरिकला पेनल्टीवर हरवलं. मग २० जुलैची ऑल-आयर्लंड फायनल, समोर टिपरेरी. मध्यंतराला कॉर्क सहा पॉइंटने पुढे! आणि उत्तरार्धात पूर्ण टीमने मिळून केले दोन पॉइंट. फक्त दोन. टिपरेरी ३-२७, कॉर्क १-१८. त्यानंतर हॉर्गन निवृत्त झाला, ऑल-आयर्लंड मेडलशिवाय.

गंमत म्हणजे १५ पॉइंटच्या या पराभवाबद्दल कॉर्ककर फार बोलत नाहीत. तिथे ‘जर-तर’ला जागाच नाही. दार धाडकन बंद झालं, विषय संपला. एका पॉइंटच्या पराभवात मात्र दार किलकिलं राहतं. तो चेंडू चार फूट आत असता तर? शिट्टी वाजली असती तर? हा ‘तर’ त्रास देतो आणि खरं सांगायचं तर पुढच्या मोसमाचं तिकीटही तोच काढायला लावतो.

तेव्हा कधी ऑफिसच्या कामासाठी आयर्लंडला गेलात आणि शेजारी कॉर्कचा कलीग बसला, तर हवामानावर बोला, पावसावर बोला, पगारावरही बोला. जर्सीचा विषय तुम्ही काढू नका. तो काढेलच.