गाळ उपसताना पाण्याची परीक्षा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड हे मासेमारीचे जुने बंदर आहे. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत तेथील कारखान्यांतून पीसीबी ही विषारी रसायने पाण्यात मिसळली व तळाच्या गाळात साचली. १९७९ मध्ये बंदरातील मासेमारीवर निर्बंध आले. पुढे गाळ उपसण्याचे ठरले. परंतु खरी अडचण तेथेच होती. पीसीबी पाण्यात फारसे विरघळत नाही. ते गाळाच्या सूक्ष्म कणांना चिकटून राहते. तळ ढवळला, की हे कण तरंगू लागतात आणि दबलेले विष पुन्हा वाहू लागते.

म्हणून उपसा चालू असताना नौकेतून पाण्याचा गढूळपणा मोजला जाई. रासायनिक पृथक्करणास वेळ लागतो. गढूळपणा मात्र तत्काळ कळतो. तथापि वादळानेही पाणी गढूळ होते. त्यामुळे उपशाचा परिणाम न पोहोचणाऱ्या ठिकाणच्या पाण्याशी तुलना करावी लागते. त्यातच भरती-ओहोटीबरोबर प्रवाह पालटतो; सकाळी तुलनेसाठी निवडलेली जागा दुपारी गाळाच्या वाटेवर येऊ शकते!

शिवाय नितळ पाणी निर्धोक असतेच असे नाही. शिंपल्यांतील जीव सतत पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यांना पिंजऱ्यात घालून पाण्यात ठेवले, की काही आठवड्यांत त्यांच्या शरीरात किती पीसीबी साचले, हे तपासता येते.